उरलेला एक तालांत



पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषांकडून एक प्रश्न मी गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आलो आहे. कोणी कंपनीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेला असतो. जवळच्याच एखाद्या गाळ्यात अर्ध्या दिवसाचे काम मिळत असते, पण तो घरी बसून राहतो. कोणी पंचवीस-तीस वर्षे गायकवृंदात पुढे उभा राहून गायलेला असतो. आवाज बसला, मागच्या रांगेत उभे राहायला सांगितले, की हळूहळू मिस्सालाच येणे कमी होते. "फादर, जिथे मानाने वावरलो तिथे आता हलक्या जागी कसे उभे राहायचे?" प्रश्न वरवर मानापमानाचा दिसतो. मला तो त्याहून खोल वाटतो. आणि संध्याकाळच्या बाटलीशी त्याचे किती जवळचे नाते आहे, हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगायला नको.

आज या प्रश्नाकडे मी एका इंग्लिश फुटबॉलपटूच्या वाटेने जाणार आहे. आमच्या पिढीतल्या फुटबॉलवेड्यांनी त्याचे नाव ऐकलेले असेल. त्याचे नाव जिमी ग्रीव्ह्ज.

जन्म २० फेब्रुवारी १९४०, लंडनच्या पूर्व भागातला. सतराव्या वर्षी, १९५७ मध्ये तो चेल्सी क्लबकडून पहिला सामना खेळला आणि त्या सामन्यात त्याने गोल केला. एकविसावा वाढदिवस होण्याआधी त्याचे लीगमधले शंभर गोल झाले होते. १९६१ मध्ये तो इटलीत मिलानला गेला, तिथे रमला नाही, आणि त्याच वर्षी टॉटनहॅम क्लबने त्याला ९९,९९९ पौंडांना परत आणले. एक पौंड कमी का? तर एक लाख पौंडांचा पहिला खेळाडू म्हणून त्याच्या खांद्यावर ओझे नको, असा व्यवस्थापकांचा विचार होता. टॉटनहॅमसाठी त्याने २६६ गोल केले, इंग्लंडसाठी ५७ सामन्यांत ४४. पहिल्या श्रेणीत लीगचे एकूण ३५७ गोल. गोल करणे हे इतरांसाठी काम होते, त्याच्यासाठी श्वास घेण्यासारखे होते, असे त्याला पाहिलेले लोक सांगत.

१९६६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या बुटाचे खिळे लागून त्याची नडगी फाटली, चौदा टाके पडले. अंतिम सामन्यापर्यंत तो बरा झाला होता, पण त्याच्या जागी आलेल्या जेफ हर्स्टला व्यवस्थापकांनी कायम ठेवले. हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल केले. इंग्लंड जिंकले आणि ग्रीव्ह्ज बाकावरच्या लोकांबरोबर बसून पाहत होता. त्या काळी बदली खेळाडू नसत आणि पदकही मैदानावर खेळलेल्या अकरा जणांनाच मिळे. त्या एका दुपारमुळे तो दारूकडे वळला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. इतका सोपा हिशेब मला पटत नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या खुर्चीत बसणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला पटणार नाही. त्याआधी, १९६० मध्ये, त्याचा पहिला मुलगा अवघ्या चार महिन्यांचा असताना न्यूमोनियाने गेला होता. माणसाच्या आत काय काय साठते याचा पत्ता वर्तमानपत्रांना लागत नाही.

१९७० मध्ये टॉटनहॅमने त्याला वेस्ट हॅमकडे पाठवले, आणि मे १९७१ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. पुढच्या वर्षी टॉटनहॅमच्या मैदानावर त्याच्या सन्मानार्थ सामना झाला, तेव्हा ४५ हजारांहून अधिक लोक आले. मग सारे घरी गेले. तोही घरी गेला.

एकतिसावे वर्ष म्हणजे फुटबॉलपटूच्या आयुष्याची संध्याकाळ खरी, रात्र नव्हे. पण तो थांबला, आणि जी जागा रिकामी झाली ती दारूने भरून काढली. दिवसाला वीसेक ग्लास बीअर आणि वर व्होडका, असा हिशेब पुढे त्याने स्वतःच दिला. रुग्णालयाच्या वाऱ्या झाल्या, घर मोडले, पत्नी आयरीनशी घटस्फोट झाला.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हे सगळे सांगितले.

इंग्लंडमधल्या फुटबॉलची रचना एखाद्या मनोऱ्यासारखी आहे. वरच्या चार मजल्यांवर ९२ क्लब. त्यांच्याखाली शेकडो लहान क्लब, ज्यांना मिळून 'नॉन-लीग' म्हणतात. तिथले बहुतेक खेळाडू दिवसा नोकरीधंदा करतात, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी खेळतात. पगार म्हणावा असा नाही, खर्चापुरते पैसे. प्रेक्षक शेकड्यांत मोजायचे, आणि त्यांतले निम्मे एकमेकांना नावाने ओळखणारे. ज्या दिवसांबद्दल मी लिहितो आहे, त्या वेळी तर या लहान क्लबांना वर चढायला सरळ जिनाही नव्हता. खालची लीग जिंकली तरी वरच्या क्लबांच्या मतांवर प्रवेश ठरे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली.

चार वर्षांच्या खंडानंतर, १९७५-७६ च्या हंगामात, ग्रीव्ह्ज या तळमजल्यावर खेळायला उतरला. आधी एसेक्स परगण्यातला ब्रेंटवूड. मग चेल्म्सफर्ड सिटी. मग ऑगस्ट १९७७ मध्ये उत्तर लंडनमधला बार्नेट, सदर्न लीगमधला क्लब. टॉटनहॅमच्या भव्य स्टेडियमपासून बार्नेटचे मैदान काही मैलांवरच होते. अंडरहिल त्याचे नाव, आणि ते एका बाजूला चांगलेच उतरते होते. पाहुण्या संघांना त्या उताराचा त्रास होई.

तिथे तो आघाडीला नाही, मध्यफळीत खेळला. हा बदल लहान दिसतो, पण फुटबॉल पाहणाऱ्यांनी क्षणभर त्यावर विचार करावा. आयुष्यभर गोलपोस्टच्या आसपास उभा राहून इतरांनी आणून दिलेला चेंडू जाळीत लोटणारा माणूस आता मागे पळून चेंडू मिळवत होता आणि दुसऱ्यांना देत होता. त्या १९७७-७८ च्या हंगामात तरीही त्याने सर्व स्पर्धांत मिळून २५ गोल केले आणि क्लबचा त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा थिओलॉजिका'त एक गोष्ट वाचली होती. तेव्हा ती परीक्षेपुरती वाटली, आता दर आठवड्याला आठवते. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला तालांतांचा दाखला तुम्हांला पाठ आहे. एकाला पाच तालांत मिळाले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तिसऱ्याने आपला तालांत जमिनीत पुरला. आपण लहानपणापासून तो चाकर आळशी म्हणून शिकलो. दाखल्यात धनी त्याला आळशी म्हणतोही. पण थॉमस याच चाकराचे उदाहरण मनाच्या लहानपणासाठी देतात, जे करण्याची ताकद आपल्यात आहे त्यापासून मागे सरणाऱ्या भित्र्या मनासाठी. आणि पुढे ते असेही म्हणतात की या लहानपणाच्या मुळाशी कधीकधी गर्व असतो. माणूस स्वतःविषयीच्या आपल्याच मताला चिकटून राहतो: हे मला जमणार नाही, मी आता त्या लायकीचा नाही. देव काय म्हणतो, शेजारी काय म्हणतात, याला त्याच्या लेखी किंमत नसते.

भित्रेपणाच्या खाली गर्व! हे वाचून मी पुस्तक मिटले होते. आपण तर समजतो की मागे राहणारा नम्र असतो.

दाखल्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी अगदी त्याच शब्दांत शाबासकी देतो. एका अक्षराचा फरक नाही. दहा आणले म्हणून जास्त नाही, चार आणले म्हणून कमी नाही. पण एका माणसाची कथा दाखला सांगत नाही, आणि आपल्यातल्या बहुतेकांची कथा तीच असते. ज्याला पाच मिळाले होते, त्याने ते चोख वापरले, आणि मग वयाने, आजाराने किंवा निवृत्तीच्या कागदाने त्यातले चार परत मागून नेले. आता हातात एकच उरला आहे. हा एक त्या तिसऱ्या चाकराच्या एकापेक्षा जड असतो, कारण याला पाचांची आठवण आहे. पुरण्याचा मोह याला जास्त.

ग्रीव्ह्जने चार वर्षे तो पुरून ठेवला होता. पाय मंदावले होते, वजन वाढले होते, हात थरथरत होते. पण चेंडू कुठे येणार हे आधी कळण्याची जी देणगी होती, ती गेली नव्हती. ती त्याने पुन्हा उकरून काढली, आणि ती चालवायला जी बाजारपेठ मिळाली ती बार्नेटची होती.

इथे मला 'खाली' या शब्दाबद्दल थोडे भांडायचे आहे. वरती मीही 'तळमजला' म्हटले, 'उतरला' म्हटले. आपण सारेच म्हणतो. मोठा खेळाडू खाली आला, मोठ्या पदावरचा माणूस खाली आला. पण अंडरहिलवर ग्रीव्ह्जच्या उजव्या-डाव्या हाताला जे खेळत होते त्यांचे काय? दिवसभर काम करून संध्याकाळी बूट बांधणारा तो माणूस कुठून 'खाली' आला नव्हता. ते त्याचे फुटबॉल होते, सगळे फुटबॉल. शनिवारचा तो एक सामना त्याच्या आठवड्याचा कळस होता. ज्या जागेला मी माझी घसरण म्हणतो, ती जागा दुसऱ्या कोणाचे घर असते. मी तिथे तोंड वाकडे करून उभा राहिलो तर अपमान माझा होत नाही, त्याचा होतो. गायकवृंदाच्या मागच्या रांगेत वीस वर्षे निमूटपणे गाणारी बाई आहे. ती रांग तुम्हांला शिक्षा वाटत असेल तर तिच्या वीस वर्षांना तुम्ही काय म्हणता?

प्रभू येशूच्या तेहतीस वर्षांतली साधारण तीस नाझरेथात गेली, सुताराच्या कामात. आपण त्यांना 'गुप्त जीवन' म्हणतो. नाझरेथच्या लोकांना ती गुप्त नव्हती. ते त्याला ओळखत होते, त्याच्याकडून कामे करून घेत होते. गुप्त ती आपल्यासाठी आहेत, कारण आपल्याला चमत्कारांपासून मोजायची सवय आहे.

पण म्हणून लहान मैदान माणसाला आपोआप तारते, असा उपदेश मी करणार नाही. ग्रीव्ह्जच्या वीस वर्षे आधी टॉमी लॉटन नावाचा इंग्लंडचा तितकाच थोर गोलवीर, २३ आंतरराष्ट्रीय सामन्यांत २२ गोल करणारा, १९५६ मध्ये केटरिंग या नॉन-लीग क्लबात खेळाडू-व्यवस्थापक म्हणून गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने सदर्न लीग जिंकून दिली. तरी पुढचे आयुष्य बेकारी, कर्जे आणि कोर्टाच्या पायऱ्या यांत गेले. त्या पिढीच्या खेळाडूंना कमाल वेतनाच्या मर्यादेमुळे मोठ्या दिवसांतही फार मिळालेले नव्हते. ती मर्यादा १९६१ मध्ये उठली. टाळ्यांशिवाय जगवत नाही म्हणून लहान मैदानावर रेंगाळणारेही असतात. टाळ्या कमी झाल्या की ते कडवट होतात आणि तरुणांची जागा अडवतात. थांबणे केव्हा नम्रता आणि केव्हा गर्व, खेळत राहणे केव्हा निष्ठा आणि केव्हा हव्यास, याचे सूत्र माझ्याजवळ नाही. अॅरिस्टॉटलने कृतींचे दोन प्रकार सांगितले आहेत. घर बांधण्यासारख्या कृतीचा हेतू बाहेर असतो, घर उभे राहिले की बांधणे संपते. पाहण्यासारख्या कृतीचा हेतू तिच्यातच असतो, पाहता पाहताच पाहणे पूर्ण असते. मी एवढेच विचारतो: पदक, पगार, नाव हे सारे काढून घेतल्यावर जे काम करताना तुम्हांला पूर्ण वाटते, ते कोणते? आणि ते तुम्ही का सोडले?

आता २८ फेब्रुवारी १९७८. ग्रीव्ह्ज पुढे आयुष्यभर ही तारीख सांगत असे. त्या दिवसानंतर त्याने दारूला स्पर्श केला नाही. तारीख नीट पाहा. तो बार्नेटकडून खेळत होता, त्याच हंगामाच्या मध्यात. म्हणजे २५ गोलांचा तो हंगाम त्याने अर्धा पिऊन आणि अर्धा शुद्धीत काढला. फुटबॉलने दारू सोडवली असे म्हणता येत नाही. चेल्म्सफर्डलाही तो खेळत होता आणि पीत होता. त्याला बाहेर काढले ते उपचारांनी, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांनी.

या बैठका ज्यांना माहीत आहेत त्यांना ठाऊक असेल की तिथे आडनाव विचारत नाहीत. तुम्ही ३५७ गोल केलेत की दोन रिक्षा चालवता, खुर्ची तीच. पहिली पायरी असते ती कबुलीची: या गोष्टीपुढे माझी ताकद चालत नाही. इंग्लंडमध्ये ज्याचा चेहरा दुकानदारापासून मंत्र्यापर्यंत सगळे ओळखत होते, त्याला एका साध्या खोलीत उठून हे म्हणावे लागले. मला वाटते, शनिवारी अंडरहिलच्या उतारावर मध्यफळीत पळणे आणि आठवड्यात त्या खोलीत खुर्चीवर बसणे, या दोन्हींत त्याला एकच जागा शिकायला मिळत होती. रांगेतली जागा. कुठली आधी शिकला ते सांगता येणार नाही.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्याने बार्नेट सोडले. व्यवस्थापकांना तो हवा होता, लोकांनाही हवा होता. त्याला आपला व्यवसाय सांभाळायचा होता आणि दारूपासून दूर राहण्यावर सारे लक्ष द्यायचे होते. वूडफर्ड नावाच्या क्लबसाठी तो थोडे सामने खेळला आणि थांबला. हे थांबणे १९७१ च्या थांबण्यासारखे नव्हते. तेव्हा तो खेळ सोडून रिकामा झाला होता. या वेळी त्याने आपली उरलेली देणगी एका अधिक निकडीच्या कामासाठी बाजूला ठेवली. बाहेरून दोन्ही निवृत्त्या सारख्याच दिसतात. नोंदवहीत दोन्हींसमोर एकच शब्द लिहिला जातो.

बाकीचे थोडक्यात सांगतो. आयरीन त्याच्याकडे परत आली, आणि मोडलेले घर पुन्हा उभे राहिले. तो टीव्हीवर फुटबॉलबद्दल बोलू लागला. इयन सेंट जॉन या जुन्या खेळाडूबरोबरचा त्याचा शनिवारचा कार्यक्रम १९८५ ते १९९२ चालला, आणि गोल कधीच न पाहिलेली एक पिढी त्याला विनोदी गप्पा मारणारा काका म्हणून ओळखू लागली. विश्वचषकाचे पदक २००९ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, त्याच्या हाती आले. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी ते दिले. २०१४ मध्ये ते लिलावात ४४,००० पौंडांना विकले गेले. काहींना वाईट वाटले. मला त्यात अनादर दिसत नाही. अकराव्या खेळाडूची जागा चुकल्याचे दुःख ज्याने एवढे वागवले, त्याला शेवटी ते धातूचे वर्तुळ विकता आले, हे मला बरे वाटते. २०१५ मध्ये त्याला पक्षाघाताचा मोठा झटका आला, चालणे-बोलणे कठीण झाले. २०१७ मध्ये, चाकाच्या खुर्चीवरून, त्याने आयरीनशी पुन्हा रीतसर लग्न केले. १९ सप्टेंबर २०२१ रोजी, ८१ व्या वर्षी, तो वारला. शेवटच्या प्यालाला त्रेचाळीस वर्षे होऊन गेली होती.

त्रेचाळीस वर्षे पदकाची वाट, आणि त्रेचाळीस वर्षे दारूविना. आकडे योगायोगाने जुळले, त्यातून अर्थ काढायचा मोह मी आवरतो.

हा मजकूर पॅरिश कौन्सिलमधल्या एका सभासदाला दाखवला, तर ते म्हणाले, "फादर, चर्चच्या पानावर फुटबॉल?" मी म्हटले, फुटबॉल नाही हो, रविवारी मिस्सानंतर फाटकाजवळ न थांबता घाईघाईने घरी जाणारी तुमच्या-माझ्या ओळखीची माणसे.

आपल्या हॉलमागच्या खोलीत दारूमुक्तीसाठी धडपडणाऱ्यांची बैठक भरते. तिथे मी बसत नाही, त्यांनी मला बोलावले तरच जातो. दार मागच्या गल्लीतून आहे, चर्चसमोरून जावे लागत नाही. कोणी नाव विचारत नाही. घरच्या बायकांनी येऊन नुसते विचारले तरी चालेल. आणि गायकवृंदाचा सराव नेहमीच्याच वेळी आहे. मागच्या रांगेत दोन जागा रिकाम्या आहेत, मी परवाच मोजल्या.